आठवीतल्या मुलासाठी सुपरहिरोंच्या कादंबऱ्या सुचवाव्यात

म्हापशाहून एक पालक

नमस्कार. माझा मुलगा यंदा आठवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकल्यामुळे तो मराठी सहज वाचतो आणि पाचवीपासून माध्यम बदलल्याने इंग्रजीही त्याला जड जात नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याने सहावीतच वाचून संपवला. त्यानंतर मात्र पुस्तक हातातून सुटले ते सुटलेच. आता तो सुपरहिरोंचे चित्रपट तेवढे पुन्हापुन्हा पाहतो. या आवडीचा धागा धरून त्याला परत वाचनाकडे वळवता येईल का? निव्वळ मारामारीपलीकडे काही देणारी पुस्तके जाणकारांनी कृपया सुचवावीत.

फोंड्यातील शिक्षक

अवश्य वळवता येईल. या वयाच्या मुलांना शक्तीपेक्षाही ती लपवून ठेवावी लागण्याची ओढ जास्त असते, असे मला वर्गात सतत जाणवते. आवाज फुटत असतो, अंग बदलत असते आणि घरी यातले काहीच बोलता येत नसते. पूर्वीच्या चित्रकथांत अशा वयाचा मुलगा बहुधा मदतनीस असे. 1940 साली आलेला बॅटमनचा रॉबिन हे त्याचे ठळक उदाहरण. 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला, तेव्हा बुजरा, शाळकरी पीटर पार्कर स्वतःच नायक झाला. त्या पहिल्या कथेत पहारेकरी ओरडत असतो, चोर लिफ्टकडे धावत असतो आणि पीटर त्याला खुशाल जाऊ देतो. वाचून दाखवताना मी तिथेच थांबतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा खून करतो, हे कळल्यावर एरवी दंगा करणारी मुलेसुद्धा गप्प होतात. तेव्हा सुरुवात चित्रकथेनेच करावी आणि तिला कमी लेखू नये.

डिचोलीची एक वाचक

सरांचे म्हणणे मान्य आहे, पण पालकांनी कादंबऱ्याही विचारल्या आहेत. ब्रँडन सँडरसन यांची ‘स्टीलहार्ट’ ही 2013 सालची कादंबरी मी आग्रहाने सुचवेन. तिच्यात ज्यांना अचाट शक्ती लाभते ते जुलमी होतात आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहणारा डेव्हिड अगदी साधा मुलगा असतो. आठ वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत वडिलांचा खून झालेला असतो. तेव्हापासून तो या शक्तिमानांची बारीकसारीक टिपणे ठेवत जातो, कारण त्यांतल्या प्रत्येकाचे काही ना काही मर्म असतेच. अभ्यास हेच ज्याचे शस्त्र आहे असा नायक मुलांना फार भावतो. कथेत हिंसा बरीच आहे, म्हणून आधी आपण स्वतः वाचावी.

शिवाय नायक मुलगाच हवा, असा हट्ट नसावा. 2014 पासून स्वतंत्र मालिका मिळालेल्या ‘मिस मार्व्हल’ म्हणजेच कमला खान या मुलीच्या चित्रकथांत संध्याकाळी बाहेर जाण्यावरून घरात होणारी बोलाचाली वाचून माझा भाचा म्हणाला, “हे तर आमच्याच घरातले आहे.”

पेडण्याहून

हिंदी चालत असेल तर अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव जरूर द्यावा. 1987 पासूनचा हा नायक सर्कशीत वाढलेला आहे आणि दैवी शक्ती नसताना विज्ञान व प्रसंगावधान यांच्या बळावर लढतो.

आणखी एक सुचवतो. मुलाला स्वतः लिहायला सांगावे. हातात काठी घेऊन रात्री गावची शीव फिरणारा आपल्या गोव्यातला रक्षक देव, राखणदार, त्याला ठाऊक असेलच. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या अर्पण करतात. त्याची सत्ता ज्या त्या गावापुरती मानतात, आणि उत्तम सुपरहिरोला अशीच मर्यादा लागते. ही शक्ती एखाद्या मुलाला मिळाली आणि त्याची शाळा नेमकी शिवेपलीकडे असली, तर बस हद्द ओलांडताना काय होईल, एवढेच त्याला विचारावे.

म्हापशाहून एक पालक

सर्वांचे मनापासून आभार. ‘स्टीलहार्ट’ आधी मी वाचतो. राखणदाराचा प्रश्न त्याला जेवताना विचारला, तर बस शिवेवर बंद पडेल की मुलाची शक्ती जाईल, यावर तो बराच वेळ वाद घालत होता. ध्रुवचे जुने अंक म्हापसा किंवा पणजीत कोठे मिळतील, हे कोणी सांगू शकेल का?