वाकळीचे चौकोन आधी टाचून मग जोडले, तर सांध्याला धुरा (शेताच्या बांधासारखा उंचवटा) येऊन राहिला. काय करू?

आर्णीकडची सून
नमस्कार मंडळी. हरभऱ्याच्या जागलीसाठी यांना नवी वाकळ शिवून राहिली. जुनी मागच्या साली रोह्यांमागे (नीलगायींमागे) पळताना बाभळीच्या काट्याला अडकली, ती मधोमध फाटली.

आमची खोली दहा बाय बारा. अख्खी वाकळ अंथरायची म्हणजे बाज अंगणात काढा, अन् या पावसात अंगण कुठलं? पायमशीनच्या गळ्यातून पाच बाय सात फुटांचा गठ्ठा जात नाही. गुडघेही तासभर खाली बसू देत नाहीत. म्हणून मोबाइलवर पाहिलेली रीत धरली: एकेक चौकोन ठिगळं, मधले पदर, अस्तर असा पुरता टाचून घ्यायचा आणि सगळे झाले की जोडायचे. चौकोन मांडीवर मावतो. निंदणाहून आल्यावर भात शिजेस्तोवर अर्धा होतो. दवाखान्यात सासूबाईंचा नंबर लागेपर्यंत दोन झाले.

एकूण ३५ चौकोन, आडवे ५, उभे ७, प्रत्येक १२ इंची. मधे सासूबाईंच्या सुती लुगड्याचे दोन पदर, खाली धोतर. १८ तयार आहेत, कडेपर्यंत टाचलेले.

आता भानगड. सगळे १२ इंचांनीच कापले होते, पण टाचल्यावर कोणी साडेअकरा, कोणी पावणेबारा. हातानं दाट घातलेले जास्त आखडले, मशीनवर विरळ मारलेले कमी. तरी ओढूनताणून सहा जोडले, तर सांध्यावर बोटाएवढा उंचवटा. इकडचे चार पदर, तिकडचे चार. यांनी पाठ टेकून पाहिली अन् म्हणाले, "धुऱ्यावर झोपल्यासारखं वाटते."

सगळं उसवू का?

वाकयवाली आजी
(नातू लिहून राहिला, मी सांगून राहिली.)
माय, वाकय अशी तुकड्यातुकड्यानं नसते होत. काठापासून धावदोरा धरायचा अन् फेऱ्या घालत घालत मधात यायचं. सगळीकडे ताण एकसारखा राह्यते. तुह्या चौकोनाचा दोरा दर फुटावर तुटते, पहिले तिथंच उसवन. आमच्या टायमाले चार बाया चार कोपऱ्याले बसत.
अन् ठिगयात नायलॉनची साडी घातली असशीन तं काढ. जागलीवर शेकोटीची ठिणगी उडते. सुतीले भोक पडते, नायलॉन वितळून अंगाले चिकटते.

मशीनवाली, वर्धा
आजींचं फेऱ्यांचं बरोबर आहे, पण ताईंना बसायला जागाच नाही. आणि चौकोनाचा एक फायदा आहे: काट्यानं एक फाटला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो.

ताई, १८ चौकोन उसवू नका, फक्त जोडलेले सहा सोडवा. टाका पडला की कापड आखडणारच, म्हणून आधी मोठं कापायचं आणि टाचल्यावर छाटायचं. सगळ्यात लहान साडेअकरा आहे ना? पुठ्ठ्याचं साडेअकरा इंची माप करा, कोपरे काटकोनात पाहा आणि सगळे त्याच मापाचे छाटा. उरलेले १७ साडेबारानं कापा, टाचून झाले की त्याच पुठ्ठ्यानं छाटा.

जोडायला पट्टी घ्या. वरची १ इंच रुंद, खालची सव्वा. एका चौकोनाच्या कडेला वरून एक, खालून एक ठेवून पाव इंचावर एकच शिलाई मारा. मग दुसरा चौकोन फक्त वरच्या पट्टीला पाव इंचावर जोडा. उघडलं की दोन्ही कडा पट्टीखाली एकमेकींना भिडतात, एकीवर एक चढत नाहीत. धुरा इथंच मोडतो. शेवटी उलटं करून खालच्या पट्टीची मोकळी कड मुडपा आणि हातानं तुरपाई करा. सुई १६ नंबरची लावा, टाका लांब ठेवा.

आधी आडव्या ओळी, मग लांब पट्टीनं ओळीला ओळ. चार ओळींचा एक भाग, तीन ओळींचा दुसरा. गठ्ठा सांभाळायचा तो शेवटच्या एका सांध्यालाच.

पुढच्या वेळी पट्टी नको असेल तर चारही कडांना एक इंच न टाचता सोडा. वरचं कापड वरच्याला शिवा, मधले पदर भिडतील तेवढे कातरा, एक अस्तर सपाट ठेवून दुसरं मुडपून त्यावर तुरपा. दिसायला जास्त साफ. पण कडेपर्यंत टाचलेल्यांना ते आता जमणार नाही, आणि दोन्ही रीती एका वाकळीत मिसळल्या तर मापं जुळत नाहीत.

आर्णीकडची सून
ताई, चार जोडून पाहिले. हात फिरवला तर सांधा लागत नाही! यांना डोळे मिटून शोधायला लावला, चुकीच्या जागी बोट ठेवलं.
हिशोब मांडला: पट्ट्या धरून ५७ बाय ८० इंच होते. तीन-चार इंच गेले, पण यांची उंची साडेपाच फूट, पाय बाहेर नाही येणार.
पट्टीला माझ्याकडं लाल सुती कापड आहे, कोरं. चालेल का?
आजी, नायलॉनचं एक ठिगळ निघालं. नणंदेच्या लग्नातली साडी होती, काठ छान दिसत होता म्हणून घातला होता. काढला.

मशीनवाली, वर्धा
लाल आधी वेगळं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. नाहीतर पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी होईल. कोरं आहे म्हणून आटेलही, तेव्हा धुऊन वाळवून, इस्त्री करून मगच पट्ट्या कापा.

वाकयवाली आजी
पट्टीचं मले पटलं. पण एक आयक. सगळं जोडून झालं का काठाकाठानं तीन फेऱ्या धावदोऱ्याच्या मार, चौकोन-सांधे सगळ्यांवरून. बाहेरचे सांधे तरी एका दोऱ्यात बांधल्या जातीन.

आर्णीकडची सून
बरं आजी. पोळ्यानंतर उघाड पडली की तेवढ्यासाठी बाज बाहेर काढीन.