पिशवीत न मावणारा कचरा
रुग्णालयांच्या कचऱ्यावरच्या या चर्चेत वरचे बहुतेक प्रतिसाद तो कचरा वेगळा करायच्या पिवळ्या-लाल पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर आहेत. ते खरंच आहे, पण ऑपरेशन थिएटरमधला एक कचरा दिसतच नाही: भुलीचा वायू. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून आमच्याच घरचं सांगते. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू हुंगवला की शरीरात त्याचं जवळजवळ काहीच विघटन होत नाही. पेशंटच्या उच्छ्वासातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं आणि नळीवाटे थेट गच्चीवरच्या हवेत. शंभर वर्षांच्या हिशोबात ते तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट वातावरण तापवतं. सेव्होफ्लुरेन हा दुसरा भुलीचा वायू त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

स्कॉटलंडने २०२३ मध्येच डेसफ्लुरेन बंद केलं. माझ्यापुरतं म्हणाल तर पेशंट लवकर शुद्धीवर येतो म्हणून मीही ते वर्षानुवर्षं आवडीनं वापरलं, तेही वायूचा प्रवाह सढळ हातानं सोडून. आता सेव्हो वापरते आणि पेशंट स्थिरावला की प्रवाह मिनिटाला एक लिटरच्या खाली आणते. बाटलीही जास्त दिवस पुरते, त्यामुळे व्यवस्थापनाला हवामानबदल वगैरे समजावत बसावं लागलं नाही!