मदत हवी आहे: ऑर्किड कॅक्टसची पानं जगली, पण नुसत्या छड्या वाढताहेत

नमस्कार मंडळी. बेळगावात, शहापूर भागात राहते. जुनं घर, मागं परडं, पूर्वेच्या अंगाला पत्र्याची पडवी. गेल्या वर्षी सांगलीच्या नणंदेनं तिच्या दोन झाडांची पानं कापून दिली. एक आपलं नेहमीचं पांढरं ब्रह्मकमळ. दुसरा लाल फुलांचा ऑर्किड कॅक्टस, ज्याचं फूल दिवसा उमलतं आणि दोन-तीन दिवस टिकतं. खरं तर मला हौस लालाचीच.

दोन्ही लागली, कोंबही जोमात आले, पण ते बघून मी गोंधळले आहे. पांढऱ्याला बुडातून गोल, छडीसारखा कोंब फुटलाय आणि तो सरळ वर चाललाय, खांद्याला लागेल एवढा. त्याला चपटं पान अजून एकच. लालाचे कोंब तर तीनधारी, बारीक काटेरी लव असलेले. नणंदेनं चुकून भलताच निवडुंग दिला की काय, अशी शंका येते. शेजारच्या आक्का म्हणतात, छडी छाट, नुसती खत खाते. नर्सरीवाला म्हणाला, मोठ्या कुंडीत हलव आणि शेणखत घाल. आमच्या ह्यांचं म्हणणं, कॅक्टस आहे ना, मग गच्चीवर उन्हात ठेव!

सध्या आठ इंची प्लास्टिकच्या कुंड्या आहेत. तांबडी माती, वाळू आणि थोडं शेणखत. पडवीत सकाळचं ऊन येतं, नंतर सावली. आता मृग तोंडावर आलाय, आणि आपला पाऊस एकदा लागला की आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही. छडी छाटू का? पावसात कुंड्या कुठं ठेवू? फुलाची वाट किती दिवस बघायची? आपल्या हवेत ज्यांनी फुलवलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवर बघावं तर सगळे काचगृहातले सल्ले.

प्रतिसाद: खानापूरकर

ताई, पांढऱ्याची छडी अजिबात छाटू नका. ब्रह्मकमळाचं मूळ खोड असंच गोल आणि लांब असतं. चपट्या फांद्या, ज्यांना आपण पानं म्हणतो, त्या या छडीच्या अंगानं फुटतात आणि फूल त्यांच्या कडेच्या खाचेतून येतं. आज छडी कापली तर पुढच्या फुलांची जागाच गेली. बांबूचा आधार देऊन सैल बांधा. हवी तेवढी उंच झाली की फक्त शेंडा खुडा, मग बाजूनं चपटी पानं फुटतील.

लालाबद्दलही घाबरू नका, नणंदेनं बरोबर झाड दिलंय. या रंगीत जाती बहुतेक संकरित आहेत आणि त्यांच्या पूर्वजांत मेक्सिकोतला डिसोकॅक्टस स्पेसिओसस येतो, त्याच्या फांद्या धारेच्या आणि काटेरीच असतात. कोवळ्या कोंबांत ते रक्त दिसतं. बुडातून आलेला तीनधारी कोंब पुढं बहुधा चपटा होतो. मात्र चांगल्या रुंद पानाच्या टोकाला एकदम बारीक दोरीसारखी वाढ झाली, तर झाडाला उजेड कमी पडतोय असं समजा. ती तेवढी दोरी काढा आणि कुंडी उजेडाकडं सरकवा. म्हणजे कोंब कसा दिसतो यापेक्षा तो कुठून फुटलाय ते आधी बघा.

गच्ची नको. हे वाळवंटातलं झाड नव्हे. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमालाच्या जंगलात ते झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. वरून गाळून आलेला उजेड आणि मुळांना भरपूर हवा, एवढंच त्याला हवं असतं. दुपारच्या उन्हात पानं आधी तांबूस, मग पिवळट होऊन करपतात. सकाळचं ऊन मिळणारी तुमची पडवी उत्तम.

मला काळजी वाटते ती मातीची. तांबडी माती आणि वाळू पावसाळ्यात दाबून बसते, मुळं गुदमरून कुजतात. पाऊस धरायच्या आत मिश्रण बदला: भिजवून घेतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, चांगलं कुजलेलं पानखत, फोडलेला कोळसा आणि थोडं गांडूळखत. आमच्याकडं भाताचं तूस जाळून घालतात, तेही छान चालतं. घट्ट दाबू नका. कुंडी मोठी करू नका, उलट सहा इंचीसुद्धा पुरेल. मुळांनी कुंडी जरा गच्च भरली की हे झाड फुलायला तयार होतं. मोठ्या कुंडीत ते नुसतं वाढत बसतं, शिवाय आत ओल राहते. आमच्या खानापूरची मातीची कुंडी मिळाली तर बघा (गावाची जाहिरात म्हणा हवं तर), ओल लवकर सुकते. उन्हाळ्यात मग पाणी जरा जास्त लागतं, तेवढं सांभाळा.

पावसाची भुरभुर अंगावर आली तर बिघडत नाही. पन्हळीची धार कुंडीत पडता कामा नये.

फुलाचं म्हणाल तर पान लावल्यापासून साधारण दोन ते तीन वर्षं धरा. नणंदेनं फुललेल्या झाडाचं जून पान दिलं असेल तर लवकर, कोवळ्या शेंड्याचं असेल तर उशिरा. लालासाठी दिवाळीनंतर पाणी कमी करा. पानं सुरकुतू द्यायची नाहीत, पण मिश्रण वरून चांगलं सुकल्याशिवाय पाणी नाही. थंड रात्री आणि कमी पाणी मिळालं की कळ्या धरतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १४ अंशांच्या आसपास उतरतो. किनाऱ्यावरच्या लोकांना ही थंडी मिळत नाही, म्हणून त्यांचा लाल रुसतो. पांढऱ्याला थंडीचं एवढं कौतुक नाही, ते पावसाळ्यात आपोआप फुलतं.

प्रतिसाद: निपाणीची

वरचं सगळं बरोबर. खताचं एक सांगते. शेणखत जास्त झालं की नत्र वाढतं आणि हिरवीगार पानंच पानं येतात. संक्रांतीनंतर अथणीकडचे द्राक्षवाले वापरतात ते ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा द्या, कळ्या दिसेपर्यंत. कोरड्या कुंडीत देऊ नका, आधी साधं पाणी. आणि खाचांमध्ये पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं लगेच पुसा. आमच्याकडची काळी माती कुणी घालू नका, चिमूटभरसुद्धा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आत्ता बघून आले. लालाचे दोन कोंब बुडातून आहेत, एक मात्र पानाच्या टोकाला दोरीसारखा आहे. तो उद्या काढते. आक्कांना काय सांगायचं ते मी बघते.

अजून एक. माहेरी चंदगडला मोठं ब्रह्मकमळ आहे. कळ्या ढिगानं येतात, बोटाएवढ्या होतात आणि निम्म्या गळतात. वहिनी रोज कुंडी फिरवून ठेवते, सगळीकडून ऊन लागावं म्हणून.

प्रतिसाद: खानापूरकर

वहिनींना सांगा, कळी दिसल्यावर कुंडीला हात लावायचा नाही. उजेडाची दिशा सारखी बदलली की कळ्या गळतात. त्या दिवसांत मिश्रण एकदम कोरडंही पडू देऊ नका. बाकी ढिगानं आलेल्यांतल्या काही झाड स्वतःच टाकतं, सगळ्या पोसायची ताकद नसते. तेवढं सोडून द्या.

प्रतिसाद: चिकोडीकर

मधेच विचारतो, ताई. तुम्ही पानं लावली कशी? माझी दोन्ही वेळा बुडातून काळी पडून सडली.

धागाकर्ती

दादा, नणंदेनं सांगितलं तसंच केलं. वीतभर पान, कापलेलं बूड सावलीत आठवडाभर सुकवलं. जखमेवर खपली धरल्यासारखं कडक झाल्यावरच लावलं, तेही बोटभर खोल. बूड कुठलं ते विसरू नये म्हणून तिनं त्या टोकाला दोरा बांधून दिला होता. हलू नये म्हणून काडीला बांधलं. मिश्रण जेमतेम ओलसर, मुळं धरेपर्यंत भरपूर पाणी नाहीच. पावसाळी हवेत बूड सुकायला वेळ लागतो, तेव्हा दहा-पंधरा दिवस थांबलात तरी पान मरत नाही.

लालाची दोरी काढतेय ती लावायला उपयोगी पडेल का, की टाकून देऊ?

प्रतिसाद: खानापूरकर

टाकू नका, मूळ धरेल. पण तिच्यापासून फूल बघायला जास्त वर्षं जातील. चिकोडीकरांना द्यायचं तर पुढच्या वर्षी चपटं जून पान द्या. आणि पांढऱ्याचं एक माझ्यासाठीही ठेवा, माझ्याकडं सगळे रंगीतच आहेत.