मुंडी-पाय भाजणाऱ्याला कॅन्सर होतो का?

मटणवाला, परभणी
आमचं दुकान आजोबापासूनचं. कापायला भाऊ बसतो, मागच्या शेडात मुंडी-पाय भाजायचं काम माझ्याकडं. जळण महाग झालंय, म्हणून टायरचे तुकडे टाकतो, भडकन पेटतेत. पण रात्री थुंकी काळी पडायलीय. भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं, खाटकाला फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त होतो म्हणे. बोटांवर चामखिळी झाल्यात, त्या बी त्याच्याच का? बिडी ओढत नाही, तंबाखू खातो. बायको म्हणायलीय धंदा बदला. ह्या वयात काय बदलू?

आरोग्यसेविका, लातूर जिल्हा
दादा, चामखिळींचं टेन्शन घेऊ नका. कच्च्या मांसात ज्यांचे हात सदा ओले, त्यांना त्या जास्त होतात. बऱ्याचदा एचपीव्ही-७ हा विषाणू असतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारे एचपीव्ही-१६ आणि १८ वेगळे. फक्त सुऱ्यानं खरवडू नका.
फुफ्फुसाचं मात्र खरं आहे. स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंडच्या खाटकांत ते जास्त दिसलं. कुणी जनावरांच्या विषाणूवर बोट ठेवतं, कुणी धुरावर, कुणी त्यांच्या सिगारेटवर. तुमच्या शेडात मात्र धूर डोळ्यांना दिसतोय! टायरच्या धुरात बेन्झोपायरीन नावाचं रसायन असतं, त्यानं माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. धंदा राहू द्या, टायर सोडा.

उदगीरकर
भाच्यानं दोन बातम्या एकत्र केल्या नाहीत ना? २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सॉसेज, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं, ते खाणाऱ्यांसाठी. कापणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.
आमच्याकडं गॅसचा बर्नर आहे. पाय आधी कढत पाण्यात बुडवले की केस हातानं निघतेत, मग वरवर भाजायचं. टायरवर भाजलेल्या मुंडीला वास मारतो, जुनं गिऱ्हाईक लगेच ओळखतंय. शेडाचा एका बाजूचा पत्रा काढा आणि वारं पाठीकडून घ्या.

मटणवाला, परभणी
टायर आजपासून बंद. बर्नरची चौकशी करायलोय. तंबाखूचं बघू.

आरोग्यसेविका, लातूर जिल्हा
बघू काय? भाजण्यापेक्षा तुम्हाला तंबाखूची भीती जास्त वाटायला पाहिजे. आरशासमोर तोंड उघडा. गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर थांबू नका. काळ्या थुंकीसाठी जिल्हा रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढा आणि धुरात काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा. पुढं लागलंच तर संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.