मदत हवी आहे: क्रूझवर चढण्याआधी कोव्हिड टेस्ट सक्तीची ठेवावी का?
ज्येष्ठांच्या ग्रुपची मुंबई-गोवा क्रूझ ठरतेय, नियम पक्का करायचाय. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर 3,711 जणांपैकी 700 हून अधिक बाधित झाले, त्यामुळे धास्ती खरीच आहे.

अडचण टेस्टच्या वेळेची. आरटी-पीसीआर तीन दिवस आधी केली तर मधल्या काळात लागण होऊ शकते. अँटिजेन किट निघायच्या सकाळी वापरलं, दोन्ही नाकपुड्यांतून नीट स्वॅब घेतला, किटवर दिलेल्या वेळेतच रेघ पाहिली, तरी लागणीचे पहिले एक-दोन दिवस निसटतातच. माझा कल सकाळच्या अँटिजेनकडे आहे.

पॉझिटिव्ह आल्यास पैसे परत मिळतील ही हमी नसेल, तर लोक खोकला लपवतात. बुकिंगच्या अटींत हे कसं लिहून घ्यावं? जाणकारांनी कृपया नेमका मसुदा सुचवा.