स्टेकहोल्डरला मराठीत काय लिहू?

गोदाकाठ: सिन्नर तालुक्यातल्या एका गावात, वीज कुठून घ्यावी यावर बैठक आहे. सौर पॅनेल, गोबरगॅस, डोंगरावर पवनचक्क्या, अशा पर्यायांना गावकऱ्यांनीच गुण द्यायचेत. प्रश्नावली मी मराठीत करतेय. 'स्टेकहोल्डर'ला, म्हणजे निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना, 'भागधारक' लिहिलं, तर एका आजोबांनी विचारलं, "शेअरचा दाखला कधी देणार?" ते साखर कारखान्याचे भागधारक, त्यांचं बरोबरच आहे. 'हितसंबंधी' चालेल?

निफाडकर: नको. "त्यात त्याचे हितसंबंध आहेत" असं आपण पाणी मुरत असेल तिथेच म्हणतो. 'हितधारक' मला हिंदी वाटतो.

जुनीपेठ: इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणजे मुळात पैजेचे पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत. निकाल कसाही लागो, त्याचं काही जात नाही. अर्थ तिथेच उलटा झालाय, आपण कशाला मागे धावायचं? खळ्यावरच्या धान्यात बलुतेदारांचा ठरलेला वाटा असायचा. सरळ 'वाटेकरी' लिहा.

इगतपुरीची: वाटेकरी म्हटलं की भाऊबंदकी आठवते. शिवाय वाटा काय फक्त फायद्याचा असतो? एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र 630 मेगावॅटचं. वीज दूरवर जाते, कोळशाची राख इथे पडते. त्या राखेजवळ राहणाऱ्याला बैठकीत बसवणारा शब्द हवा. 'झळ पोचणारे' म्हणा.

भगूरवाले: झळ पोचणारे हा शब्द नाही, वाक्याचा तुकडा आहे. सावरकर आमच्या भगूरचे. त्यांचे 'महापौर', 'दिनांक' आधी लोकांना जडच वाटले असतील, आज कुणी अडखळत नाही. 'हितधारक' वापरत राहा, रुळेल. समजत नाही म्हणून शब्द टाकायचे तर 'उदंचन'ही टाकाल.

इगतपुरीची: घाटघरच्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पाच्या नावात आहे तो. संस्कृतात उदंचन म्हणजे पाणी शेंदायचं भांडं. किती नेमका शब्द! तरी माझ्या वडिलांना तो कळला ते "मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवतात, वाढली की खाली सोडून वीज काढतात" असं सांगितल्यावर. गुण द्यायला बसलेल्या माणसाला हे वाक्य द्या. शब्द मागाहून.

निफाडकर: तसंच 'रोहित्र', म्हणजे ट्रान्सफॉर्मर. कागदावर सगळीकडे रोहित्र, पण आमचा वायरमनसुद्धा "डीपी जळाली" म्हणतो.

जुनीपेठ: आणि वीज तरी कोण म्हणतं? वीज पडते. येते-जाते ती लाईट.

भगूरवाले: विद्युत्, प्राकृतात विज्जु, त्यातून वीज. इतका जुना, घरचा शब्द असताना लाईट?

निफाडकर: द्राक्षाला रात्री दोन वाजता पाणी द्यायला उठतो ना, तेव्हा तोंडात लाईटच येतं. "या आठवड्यात लाईट रात्रीची." यात मराठी काय कमी आहे?

गोदाकाठ: 'शाश्वत ऊर्जा'ही अडलंय. त्याच आजोबांचं म्हणणं, शाश्वत फक्त देव. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या 1987 च्या ब्रुंटलंड अहवालातला अर्थ पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावण्याचा. 'टिकाऊ' लिहिलं तर चप्पल वाटते. उद्या छपाईला द्यायचंय.

जुनीपेठ: निफाडकर, तुमच्याकडे 'लाईट' स्त्रीलिंगीच का? आमच्या आजोळी "लाईट गेला" म्हणायचे.