मदत हवी आहे : शिकवणारी मुलंच लहानांना घाबरवतात

नमस्कार मंडळी,
आमच्याकडची दहा-अकरा वर्षांची मुलं सहा-सात वर्षांच्या मुलांना आरोग्य-सुरक्षिततेच्या गोष्टी शिकवतात. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या सुमारास लंडनहून 'मुलांकडून मुलांना' ही पद्धत पुढे आली, तीच.

हात धुण्याचं फार छान जमलं. एका मुलीने लहानग्यांच्या हातांना तेलात कालवलेला रंग लावला. नुसत्या पाण्याने तो हलेना. साबणाने २० सेकंद चोळल्यावर गेला, पण नखांच्या कडेला राहिलाच, आणि तो पिल्लांनी स्वतःच शोधून दाखवला!

अडतंय ते भाजण्यापाशी. लगेच २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ-टूथपेस्ट लावायची नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची, हे सगळं शिकवणाऱ्या मुलांना पाठ आहे. पण सांगताना "कातडी सोलून निघेल हां!" अशी भीती घालतात. परवा एक चिमुरडा रडायलाच लागला. घाबरलेलं मूल भाजलं तरी लपवून ठेवतं, याचीच मला जास्त काळजी वाटते.

कुणी हे खेळातून किंवा नाटुकल्यातून बसवलंय का? शिकवणाऱ्या मुलांना न दुखावता कसं समजावता? आणि महिन्याभराने लहानांच्या किती लक्षात आहे, ते परीक्षा न घेता कसं बघता?